सरकारी ॲप दिव्यांगांना वापरता येते का? सुगम्यतेचा प्रश्न आता हक्काचा

डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या आणि प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या खंडपीठासमोरील वाद वरकरणी मर्यादित होता. बँक खाते किंवा मोबाइल जोडणी घेताना ग्राहकाची ओळख पटविणारी ‘ई-केवायसी’ ही प्रक्रिया दिव्यांगांना पार पाडता येत नाही, एवढीच तक्रार होती. परंतु निर्णयाचा आशय त्यापलीकडे जाणारा आहे. नागरिकाला एखादी सेवा मोबाइलवरून देणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक संस्थेला आता आपले ॲप कोणाला वापरता येते आणि कोणाला येत नाही, याचे उत्तर द्यावे लागणार आहे.

गेल्या दहा वर्षांत शासकीय कार्यालयांच्या अनेक खिडक्या मोबाइलच्या पडद्यावर आल्या. रेल्वेचे तिकीट, निवृत्तिवेतनधारकाच्या हयातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, रुग्णालयातील नोंदणी, वीज देयक आणि ग्रंथालयातील पुस्तकही त्यावर मिळू लागले. ज्यांना कार्यालयापर्यंत जाणे सर्वांत कठीण, त्या दिव्यांग व्यक्तींना या बदलाचा सर्वाधिक लाभ व्हायला हवा होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी उलटे घडले. जुनी खिडकी बंद झाली किंवा आक्रसली आणि नवी खिडकी त्यांना उघडता येईना.

निर्णयामागील दोन याचिका

या निर्णयामागे दोन स्वतंत्र याचिका होत्या. पहिली याचिका प्रज्ञा प्रसून आणि आम्लहल्ल्यातून बचावलेल्या इतर व्यक्तींची होती. समोर छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे, याची खात्री करण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करण्याची अट अनेक ॲप घालतात. आम्लामुळे ज्यांच्या पापण्या आणि डोळे कायमचे जखमी झाले आहेत, त्यांना ही साधी क्रिया करता येत नाही. परिणामी स्वतः हजर असूनही यंत्राच्या लेखी त्या व्यक्तीची ओळख पटत नाही.

दुसरी याचिका दृष्टिहीन वकील अमर जैन यांची होती. कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरा नेमका आणणे, ओळखपत्राचे छायाचित्र सरळ घेणे, पडद्यावर क्षणभर दिसणारा आकडा वाचणे आणि ठरावीक वेळेत तो भरणे, या पायऱ्या पाहू शकणाऱ्या माणसाला गृहीत धरूनच आखलेल्या आहेत. स्वाक्षरीऐवजी अंगठ्याचा ठसा देणाऱ्या व्यक्तीची अडचणही याच याचिकेतून न्यायालयासमोर आली.

न्यायालयाने एकूण वीस निर्देश दिले. पापण्यांच्या उघडझापीला पर्याय उपलब्ध करणे, अंगठ्याचा ठसा स्वीकारणे, कागदोपत्री ओळख पडताळणीचा मार्ग खुला ठेवणे आणि यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाकडून तपासून घेणे, हे त्यांतील काही निर्देश होत. प्रत्येक विभागात डिजिटल सुगम्यतेसाठी जबाबदार अधिकारी नेमावा आणि ठरावीक कालावधीने सुगम्यता तपासणी करून घ्यावी, असेही सांगण्यात आले. सर्वांत महत्त्वाचा निर्देश मात्र कमी चर्चिला गेला. कोणतेही ॲप किंवा त्यातील नवी सोय लोकांसाठी खुली करण्यापूर्वीच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींचा सहभाग असावा, असे न्यायालयाने म्हटले. अंमलबजावणीची खरी किल्ली येथेच आहे.

शिफारस ते सक्ती

कायद्याच्या पातळीवर हा विषय नवा नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याच्या नवव्या अनुच्छेदात माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याजोगे करण्याचे बंधन आहे. या कराराला अनुसरून संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत केला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे मोजकेच प्रकार होते. नव्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्याचे ४०वे कलम सुगम्यतेची मानके ठरविण्यास सांगते, ४२वे कलम माहिती व संपर्क तंत्रज्ञानाविषयी आहे आणि ४६वे कलम शासकीय व खासगी सेवा पुरवठादारांना दोन वर्षांची मुदत घालून देते.

अडचण निर्माण झाली ती नियमांत. २०१७च्या नियमांतील १५व्या नियमाने मानकांची यादी दिली. २०२३ मध्ये त्यात भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १७८०२’ या मानकाची भर पडली, जे संगणकप्रणाली आणि मोबाइल ॲप यांनाही लागू होते. परंतु ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे हा नियम बोट दाखवीत होता, त्यांतील पुष्कळशी केवळ शिफारशीच्या स्वरूपाची होती. संस्थेने ती पाळली तर उत्तम, न पाळली तर विचारणारे कोणी नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने १५वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला. कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र ऐच्छिकतेची मुभा देतो, हे चालणार नाही, असा त्याचा आशय होता. किमान पाळावयाच्या अटी वेगळ्या काढून तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत, असा आदेश केंद्र सरकारला देण्यात आला. कायद्याच्या ८९व्या कलमानुसार पहिल्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या उल्लंघनासाठी पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सक्तीचे नियम असतील तरच ही तरतूद अर्थपूर्ण ठरते.

या निकालाने आणखी एक भेद स्पष्ट केला. एखाद्या व्यक्तीने मागणी केल्यावर तिच्यापुरती केलेली सोय वेगळी आणि कोणी मागण्यापूर्वीच सर्वांसाठी केलेली रचना वेगळी. पहिलीला वाजवी समायोजन म्हणतात, दुसरीला सुगम्यता. इमारतीच्या दाराशी उतरण बांधणे ही सुगम्यता होय. चाकाची खुर्ची घेऊन कोणी आल्यावर शिपायांना हाक मारून ती उचलून घेणे म्हणजे सुगम्यता नव्हे. सार्वजनिक संस्थांच्या बहुसंख्य ॲपमध्ये आजही दुसरी पद्धत चालते. ‘अडचण आल्यास दूरध्वनी करा’ एवढ्यावर जबाबदारी संपते.

पडदा बोलतो, पण काय बोलतो?

दृष्टिहीन व्यक्ती मोबाइल कसा वापरते, याची कल्पना अनेकांना नसते. अँड्रॉइड प्रणालीत ‘टॉकबॅक’ आणि ॲपलच्या फोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ ही वाचनप्रणाली मुळातच असते. पडद्यावरून बोट फिरविले की बोटाखालच्या घटकाचे नाव ती उच्चारते आणि दोनदा टिचकी मारली की तो घटक दाबला जातो. ही दोन्ही साधने २००९ पासून उपलब्ध आहेत. त्यांच्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही की वेगळे शुल्क पडत नाही.

मात्र ही प्रणाली पडद्यावरचे चित्र पाहत नाही. ॲप लिहिणाऱ्याने त्या घटकाला जे नाव दिले असेल, तेच ती वाचते. नावच दिले नसेल तर ती केवळ ‘बटन’ एवढेच सांगते. एका पडद्यावर अशी आठ बटने असतील तर वापरणाऱ्याला ‘बटन, बटन, बटन’ एवढेच ऐकू येते. त्यांतले कोणते पैसे पाठविण्याचे आणि कोणते अर्ज रद्द करण्याचे, हे कळण्याचा मार्ग राहत नाही. वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याची चाचणी, केवळ रंगाने दाखविलेली चूक, अर्ज भरत असतानाच संपणारी वेळ, बोटाने ओढूनच हलविता येणारी पट्टी, हे इतर ठळक अडथळे होत.

हे अडथळे केवळ दृष्टिहीनांपुरते नाहीत. मदतीसाठी फक्त दूरध्वनी क्रमांक देणारे ॲप कर्णबधिर व्यक्तीच्या उपयोगाचे नाही. माहितीपटाखाली मजकूर किंवा सोबत सांकेतिक भाषा नसेल तर तोही तिच्यासाठी मुकाच राहतो. हाताला कंप असणाऱ्या व्यक्तीला एकमेकांना चिकटलेली लहान बटने दाबता येत नाहीत. अल्पदृष्टी असलेल्याला फिकट करड्या पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे दिसत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला लांबलचक, कायदेशीर भाषेतील सूचना समजत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे या प्रत्येक बाबीसाठी मोजता येणारी कसोटी देतात. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा किमान साडेचारास एक या प्रमाणात भिन्न असावा, ही त्यांतलीच एक. २००८ मध्ये आलेल्या या तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीत २०१८ आणि २०२३ मध्ये सुधारणा झाल्या आणि मोबाइलच्या स्पर्शपडद्याचा त्यांत अधिक विचार झाला.

भारतीय भाषांतील ॲपना एक वेगळाच अडसर आहे. कोणता मजकूर कोणत्या भाषेत आहे, हे ॲपने वाचनप्रणालीला सांगावे लागते. ते न सांगितल्यास इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळून पुढे जाऊ शकतो, नाहीतर हिंदी आवाज मराठी वाचू लागतो आणि ‘ज्ञानेश्वर’चे ‘ग्यानेश्वर’ होते. त्याहून गंभीर बाब जुन्या टंकांची आहे. उत्तर प्रदेशात ‘कृतिदेव’ आणि महाराष्ट्रात ‘श्रीलिपी’सारख्या टंकांमध्ये वर्षानुवर्षे शासकीय मजकूर तयार झाला. डोळ्यांना तो देवनागरी दिसतो, परंतु युनिकोड नसल्याने वाचनप्रणालीच्या कानी निरर्थक चिन्हांची रास पडते. कागद छायाचित्राप्रमाणे उतरवून ॲपवर टाकलेली परिपत्रके तर पूर्णतः अबोल असतात. योजना दिव्यांगांची आणि तिचे परिपत्रक दिव्यांगांना वाचता येत नाही, अशी विसंगती त्यातून उद्भवते.

मुंबईतील नोटांचा धडा

ॲप ही सोय असते आणि कधी कधी ती सबबही ठरते, याचे बोलके उदाहरण मुंबईत घडले. नोव्हेंबर २०१६ मधील निश्चलनीकरणानंतर नव्या आकाराच्या नोटा चलनात आल्या. दृष्टिहीन व्यक्ती नोटेची लांबी-रुंदी आणि उठावाची खूण बोटांनी चाचपून तिचे मूल्य ओळखत. आकारांतील फरक कमी झाल्याने ही वर्षांची सवय निरुपयोगी ठरली. १९५२ पासून मुंबईत कार्यरत असलेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. नोटांचे आकार व स्वरूप वारंवार का बदलावे लागते, अशी विचारणा न्यायालयाने २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेकडे केली.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ नावाचे ॲप सादर केले. मोबाइलचा कॅमेरा नोटेसमोर धरला की ते नोटेचे मूल्य बोलून दाखविते आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. आरंभी हिंदी व इंग्रजीत असलेल्या या ॲपमध्ये पुढे मराठीसह इतर भारतीय भाषांची भर पडली. दिव्यांगांना समोर ठेवून सार्वजनिक संस्थेने तयार केलेले हे एक चांगले ॲप आहे, यात शंका नाही. तरीही मूळ प्रश्न त्याने पूर्ण सुटत नाही. भाजीच्या गाड्यापाशी किंवा धावत्या बसमध्ये एका हाताने नोट आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून मूल्य ऐकणे सोपे नाही. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याला तर बोटांना कळणारी नोटच हवी. ॲप हा आणखी एक मार्ग असावा, एकमेव मार्ग नसावा, हा या प्रकरणाचा धडा होय.

एकमेव मार्ग उरला की काय होते, हे २०२१ मध्ये कोविड लसीकरणाच्या वेळी दिसले. १८ ते ४४ वयोगटासाठी आरंभी ‘कोविन’वर पूर्वनोंदणी अनिवार्य होती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१च्या आदेशात त्यातील त्रुटी एकेक करून नोंदविल्या. अक्षरचाचणीला ध्वनीचा पर्याय नव्हता. वयोगट किंवा लशीचे नाव निवडण्याच्या कळा वाचनप्रणालीला अनुकूल नव्हत्या. पुरेसा वेळ न देताच वापरणाऱ्याला बाहेर काढले जात होते. दिव्यांगांच्या दृष्टीने या व्यवस्थेची तपासणी करण्याचा विचार व्हावा, असे न्यायालयाने सुचविले. साथीच्या काळात प्रत्येक दिवस मोलाचा होता. पाहू शकणारी माणसे मिनिटभरात जागा राखून ठेवीत असताना इतरांना दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागली.

गुरसरायपर्यंत काय पोहोचते?

अशा निर्णयांचे आणि मानकांचे मोल महानगरात ठरत नाही. मुंबई-पुण्यात एक मार्ग बंद झाला तर दुसरा सापडतो, मदत करणारी संस्था सापडते, बँकेची दुसरी शाखा सापडते. लहान नगरात तसे नसते. बुंदेलखंडातील गुरसराय हे अशा नगरांचे एक उदाहरण म्हणून घेता येईल. झाशी जिल्ह्याच्या गरौठा तहसिलीतील हे नगर मराठी वाचकाला इतिहासातून परिचित आहे. पानिपतच्या मोहिमेत १७६० मध्ये मारले गेलेले गोविंदपंत बुंदेले, म्हणजे मूळचे कोकणातील गोविंदपंत खेर, यांच्या वंशजांकडे येथील जहागीर पिढ्यान्‌पिढ्या होती. आज मात्र त्याचा विचार करायचा तो जिल्हा मुख्यालयापासून दूर असलेले एक नगर म्हणून.

२०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे दोन कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांतील सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४१ लाख ५७ हजार, उत्तर प्रदेशात होत्या आणि त्याखालोखाल सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होत्या. देशातील एकूण दिव्यांगांपैकी ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होते. त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार मोजले गेले होते. आजच्या कायद्यातील २१ प्रकार पाहता हे आकडे अपुरेच म्हणावे लागतील.

गुरसरायसारख्या नगरातून दिव्यांगत्वाचा दाखला, निवृत्तिवेतन किंवा शिष्यवृत्ती यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर एक खेप म्हणजे बसभाडे, एका दिवसाची मजुरी आणि सोबत येणाऱ्या व्यक्तीचाही दिवस. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्रासाठी एकाच राष्ट्रीय संकेतस्थळावरून अर्ज करण्याची पद्धत पक्की झाली. दाखला देण्याची मुदत त्याच वेळी एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली. अर्ज घरबसल्या आणि स्वतः भरता आला तर एक खेप वाचते. तो भरता आला नाही तर ती वाचत नाही आणि वर नगरातील खासगी केंद्रचालकाचे शुल्क पडते. अंतर जितके अधिक, तितकी ॲपची उपयुक्तता अधिक आणि ते बंद असण्याची किंमतही अधिक.

ही किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. ॲप स्वतः वापरता न येणारी व्यक्ती ते दुसऱ्याच्या हाती देते. त्याबरोबर आधार क्रमांक, मोबाइलवर आलेला सांकेतिक आकडा, बँकेचा गुप्तक्रमांक आणि आजाराची माहितीही दुसऱ्याच्या हाती जाते. ‘कोणालाही सांगू नका’ असा इशारा देणारी व्यवस्थाच या नागरिकाला तो आकडा सांगण्यास भाग पाडते. लहान नगरात सर्व जण एकमेकांना ओळखतात. त्यामुळे मदत सहज मिळते, पण खासगीपण तितकेच सहज जाते. फसवणूक झाल्यास गुप्तक्रमांक स्वतःच दिल्याचा दोषही त्याच व्यक्तीच्या माथी येतो.

चेहऱ्याने ओळख पटविण्याची पद्धत आता शासकीय योजनांमध्येही विस्तारत आहे. निवृत्तिवेतनधारकांच्या ‘जीवन प्रमाण’ दाखल्यासाठी ती २०२१ पासून आणि शेतकऱ्यांच्या ‘पीएम किसान’ ॲपमध्ये २०२३ पासून उपलब्ध आहे. बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांना आणि हात गमावलेल्यांना हा मोठा दिलासा आहे. परंतु याचिकाकर्त्यांनी मांडलेली अडचण येथेही लागू पडते. ठसा, चेहरा, सांकेतिक आकडा आणि कागद या चारही पर्यायांतून व्यक्तीला आपल्याला जमेल तो निवडता आला, तरच कोणी वगळले जाणार नाही.

ग्रंथालयांच्या क्षेत्रात याची चांगली बाजूही दिसते. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले. २०१२ मधील दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांगांसाठी सवलत मिळाली होती आणि अशा पुस्तकांच्या देवाणघेवाणीसाठीचा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्य करणारा देश भारतच होता. मुंबईत किंवा दिल्लीत एकदा तयार झालेले वाचनसुलभ पुस्तक गुरसरायच्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी मिळू शकते, ही किमया मोबाइलचीच आहे. मात्र सार्वजनिक ग्रंथालयाने आपला संग्रह केवळ पानांची छायाचित्रे म्हणून ॲपवर चढविला, तर त्याच विद्यार्थ्याच्या दृष्टीने कपाटाला कुलूप तसेच राहते.

खर्च आणि सुरक्षिततेचे आक्षेप

सुगम्यतेच्या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा. लहान नगरपालिकेला किंवा जिल्हा रुग्णालयाला हे परवडणारे नाही, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बटनाला नाव देणे, भाषा नोंदविणे, अक्षरांचा रंग गडद ठेवणे आणि वेळ वाढविण्याची सोय ठेवणे या गोष्टी आराखड्यातच घेतल्या तर त्यांचा भार अल्प असतो. ॲप पूर्ण झाल्यावर ते मोडून पुन्हा बांधणे मात्र खर्चिक ठरते. इमारत उभी राहिल्यावर जिना फोडून उतरण करण्यासारखाच हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो सुरक्षिततेचा आहे. वाचनप्रणालीला पडद्यावरील सर्व मजकूर वाचण्याची परवानगी लागते. हीच परवानगी मिळवून काही फसवी ॲप लोकांची खाती रिकामी करतात. त्यामुळे बँकांची काही ॲप अशी परवानगी असलेल्या मोबाइलवर चालण्यास नकार देतात किंवा आकड्यांच्या जागा सतत बदलणारा, न बोलणारा कळफलक दाखवितात. ग्राहकाच्या रक्षणाचा हेतू योग्य असला तरी त्यात चोराबरोबर दृष्टिहीन ग्राहकही दाराबाहेर राहतो. मोबाइलसोबत येणारी मान्यताप्राप्त वाचनप्रणाली आणि अनोळखी ॲप यांत भेद करणे शक्य आहे. तो भेद करण्याचे कष्ट घेतले जात नाहीत, कारण चाचणीच्या वेळी ही अडचण सांगणारे कोणी समोर नसते.

निविदेतच अट हवी

युरोपीय संघाने २०१६च्या निर्देशान्वये सार्वजनिक संस्थांच्या मोबाइल ॲपना सुगम्यतेची अट घातली आणि ती २३ जून २०२१ पासून लागू झाली. आपले ॲप कुठे कमी पडते, याचे निवेदन संस्थेने स्वतः प्रसिद्ध करावे, असे त्यात बंधन आहे. जून २०२५ पासून तेथे बँका, तिकीटविक्री आणि ई-व्यापार यांसारख्या अनेक खासगी सेवांनाही स्वतंत्र कायदा लागू झाला. भारतातही सेबी या मुंबईस्थित नियामक संस्थेने ३१ जुलै २०२५ रोजी परिपत्रक काढून भांडवल बाजारातील संस्थांना दिव्यांग हक्क कायद्यानुसार डिजिटल सुगम्यता बंधनकारक केली. नियामकाने ठरविले तर न्यायालयाचा शब्द कार्यपद्धतीत उतरू शकतो, हे त्यातून दिसते.

तथापि बहुतांश सार्वजनिक संस्थांवर असा एकच नियामक नाही. त्यांची ॲप निविदा काढून बाहेरच्या कंपनीकडून करून घेतली जातात. निविदेत जे मागितले जाते तेच बांधले जाते आणि ज्याची तपासणी होते त्याचेच देयक अदा होते. म्हणून सुगम्यतेची जागा तक्रार निवारणाच्या रकान्यात नाही. ती निविदेच्या अटींमध्ये आहे. ‘आयएस १७८०२’ची पूर्तता, मराठी वा हिंदी वाचनप्रणालीवरील चाचणी आणि विविध प्रकारच्या दिव्यांग व्यक्तींनी स्वतः करून पाहिलेली तपासणी, यांखेरीज अंतिम हप्ता न देण्याची अट घातली तर न्यायालयाचा निर्देश आपोआप अमलात येईल. ॲपची प्रत्येक नवी आवृत्ती हीच चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज प्रसृत होऊ नये, हेही तितकेच आवश्यक आहे. चालू असलेले ॲप एका अद्ययावतीकरणानंतर अचानक मुके होणे हा दिव्यांग वापरकर्त्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

अशा चाचणीसाठी माणसे शोधत दूर जावे लागणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात शिकलेले दृष्टिहीन आणि कर्णबधिर तरुण आहेत. झाशी असो वा जालना, मानधन देऊन त्यांच्याकडून तपासणी करून घेणे कोणत्याही जिल्हा प्रशासनाला शक्य आहे. त्यातून त्यांना काम मिळेल आणि ॲप लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच त्यातील दोष प्रशासनाला कळतील. जोडीला कार्यालयातील एक खिडकी, कागदी अर्ज आणि दूरध्वनी हे जुने मार्ग सुरू राहायला हवेत, कारण उत्तम ॲपदेखील सर्वांना वापरता येईलच असे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हक्क मान्य केला आणि मानकेही उपलब्ध आहेत. यापुढील टप्पा मंत्रालयापासून नगरपालिकेपर्यंतच्या त्या अधिकाऱ्यांचा आहे, जे ॲपच्या निविदेवर आणि देयकावर स्वाक्षरी करतात. ती स्वाक्षरी करण्यापूर्वी ते ॲप एखाद्या दृष्टिहीन नागरिकाच्या हाती देऊन पाहिले गेले का, एवढा एक प्रश्न विचारला जाऊ लागला, तर गुरसरायच्या नागरिकाला आपला गुप्तक्रमांक दुसऱ्याला सांगण्याची वेळ येणार नाही.